काकाजींचं तुडूम

विकत घेतलेला तलाव बैलगाडीत घालून घरी आणणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच झाला असेल, आणि तो माझा घरमालक होता. ब्रह्मपुरीच्या आसपास गाव तिथे तलाव आणि शेत तिथे बोडी, म्हणजे शेततळं. अशा मुलखात पैसे मोजून तलाव आणणं म्हणजे नागपूरकराने बाहेरगावाहून ऊन मागवण्यासारखं होतं. पण काकाजींनी तो आणला, अंगणात मांडला आणि वर गल्लीला पेढे वाटले.

मी तेव्हा कॉलेजात नव्याने लागलो होतो. घाटावरून आलेला, एकटा, स्वयंपाकाच्या नावाने शून्य. काकाजींच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. गडचिरोलीच्या पलीकडे, भर जंगलातल्या सरकारी लाकूड डेपोत सागाचे ओंडके मोजण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कुठलंही लाकूड दिसलं की ते आधी नखाने खरवडत, मग वास घेत. माझ्या खोलीतल्या टेबलाचा वास घेऊन त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "सर, हे सागाचं म्हनून घेतलं असन तर तुमी फसले."

तो तलाव म्हणजे फायबरचा, निळ्या रंगाचा, काजूच्या आकाराचा आणि बाजेएवढ्या लांबीचा एक तयार साचा होता. जंगलातल्या बंगल्यात राहणाऱ्या कुठल्याशा हौशी साहेबाने बागेत रंगीत मासे सोडायला तो मुंबईहून मागवला, आणि तो येऊन पोचेपर्यंत साहेबाचीच बदली झाली. पुढे बरीच वर्षं त्यात बंगल्याच्या कोंबड्या बसत. काकाजी निवृत्त झाले त्या सुमारास भंगाराचा लिलाव निघाला, आणि ज्या वस्तूकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही ती त्यांनी घेतली. बांबूच्या ट्रकवरून ती नाक्यापर्यंत आली आणि तिथून बैलगाडीने घरी. वाटेत वळवाची सर आली, तेव्हा तलाव पालथा करून त्याखाली काकाजी, गाडीवान आणि लग्नाला निघालेलं एक कुटुंब असे सगळे दाटीवाटीने बसून राहिले. यावरून कोणी टोमणा मारला की काकाजी म्हणत, "पानी अडवते तो तलाव. वरून अडवो का खालून." गल्लीतले लोक मात्र त्याला साहेबाची न्हाणी म्हणत. जाता येता कोणीतरी विचारायचंच, "काकाजी, साबन कुठी ठेवता जी?"

त्यांना तलावाचं एवढं वेड का, हे मला हळूहळू कळलं. काकाजींचे वडील आपल्या गावचे पाणकर होते. या भागात तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, अगदी तळाशी पाणी सोडायचं एक तोंड असतं. त्याला तुडूम म्हणतात. ते लाकडी खुंट्याने बंद करायचं, वेळ आली की उघडायचं, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचं, हे पाणकराचं काम. धानाच्या दिवसांत पाणकराचा शब्द पाटलापेक्षा मोठा. ते काम वडिलांमागे थोरल्या भावाकडे गेलं आणि काकाजींच्या वाट्याला सरकारी लाकडं आली. "बाप पान्याचा, मी लाकडाचा," ते म्हणायचे. "मंधातच माशी शिंकली." वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे: "सगळं खोटं बोलजो, पान्याचं खोटं बोलू नोको. पान्याचं खोटं बोलनाऱ्याचं घर कोरडं पडते."

तेव्हा निवृत्तीनंतर काकाजी पाणकर झाले. मातीविटांचा कमरेएवढा ओटा बांधून त्यात त्यांनी तलाव बसवला. तळाच्या निचऱ्याचं भोक एका अंगाला उघडं ठेवलं आणि तिथून वाफ्यांपर्यंत बोटभर रुंदीचा पाट काढला. त्या भोकाला ते कटाक्षाने तुडूमच म्हणत. रोज सकाळी छत्री घेऊन, हात पाठीमागे बांधून ते पाळीची पाहणी करायचे, म्हणजे त्या न्हाणीभोवती फेऱ्या घालायचे. मग पाणीवाटप. वांगी, टमाटर आणि भेंड्या यांच्या पाळ्या ठरलेल्या. एकदा मी सहज दया येऊन सुकलेल्या वांग्यांना तांब्याभर पाणी घातलं, तर मला अंगणातच उभं करून त्यांनी समज दिली. "सर, आज पाळी नसताना वांग्याले पानी देल्लं, उद्या ते टमाटराच्या धुऱ्यावर चढतीन. मंग भांडन कोन सोडवन? तुमी?" मी भाजीची भांडणं सोडवण्याच्या लायकीचा नव्हतो, हे मी कबूल केलं.

त्या तलावात मासेही होते, म्हणजे एकेकाळी होते. काकाजींनी नागपूरहून लाल सोनेरी मासे आणले होते, पाण्याच्या पिशवीत, एसटीच्या सबंध प्रवासात मांडीवर धरून. ते पाहायला गल्ली लोटली. त्यात मासे विकणारी बाई होती, तिने कौतुकाने आपल्या टोपलीतली एक बोटभर मरळ त्यात सोडली. "राहू द्या जी, तेवढीच सोबत," असं म्हणाली. मरळीने पंधरवड्यात एकेक करून सगळी सोबत खाऊन टाकली. उरली ती एकटीच. काकाजी रागावले नाहीत. तलाव, त्यातलं पाणी आणि त्यातली रयत असं सगळं एकट्याने गिळणारा म्हणून त्यांनी तिला इकडच्या जुन्या जमीनदारांचं नाव दिलं, मालगुजार, आणि तेव्हापासून तिचा उल्लेख पुल्लिंगी होऊ लागला. मालगुजार दिवसभर तळाशी पडून असे. अधूनमधून वर येऊन हवेचा एक घोट घेई आणि परत खाली जाई. मासे विकणारी बाई आठवड्यातून एकदा त्याच्याकडे धंद्याच्या नजरेने बघून म्हणायची, "काकाजी, किती पाहून राह्यले त्याले? कापून देऊ काय?"

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून नागपूरला मुलाकडे गेल्या होत्या. मी खोली घेतली तेव्हा त्या दोन महिन्यांना तिसरं वर्ष लागलं होतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. तिथे नातू होता, घरात नळ होता, आणि काकूंचं म्हणणं एवढंच की बुढ्यानेही आता तिथेच यावं. नागपूरच्या गाडीचा कंडक्टर त्यांचा निरोप आणायचा: "काकू इचारून राह्यल्या, येता कधी?" काकाजींचं उत्तर ठरलेलं: "तलावाले पानी कोन देईन?" कंडक्टर ते उत्तर घेऊन जायचा, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न परत आणायचा.

घर मोठं होतं, चार खोल्यांचं, आणि त्यात एक माणूस. काकाजी भात दोघांचा शिजवत. मग ताटली झाकून माझ्या दारात उभे राहत. "सर, आज अंदाज चुकला." जन्मभर उभ्या झाडाकडे बघून त्यात किती लाकूड निघेल ते सांगणाऱ्या माणसाचा मूठभर तांदळाचा अंदाज रोज चुकत होता. मी रोज जेवत होतो. आम्ही दोघं तलावाच्या कडेला बसून जेवायचो आणि फारसं बोलायचो नाही. गल्लीतलं कोणी फाटकाच्या आत येत नसे. चेष्टा करायची ती रस्त्यावरूनच. मलाही त्या गावात कोणी नव्हतं. त्या ताटलीची मी वाट बघत असे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि मग तुडूम फुटलं. त्याचं असं झालं की, निचऱ्याच्या भोकाचं मूळचं बूच प्रवासात कुठेतरी हरवलं होतं. चाकी फिरवून लावायचं साधं बूच. नागपुरात मिळालं असतं. पण तुडुमाला बूच लावणार तो पाणकर कसला? काकाजींनी बाभळीचं पक्कं लाकूड निवडलं, तासून खुंटा केला आणि मोगरीने ठोकून बसवला. "लाकूड पान्यात फुगते, सर. जितकं फुगन तितकं घट्ट. माह्या बापानं तसंच बसवलं होतं, गावचा तलाव ठिपकाभर गळला नाई." वडिलांचं पाणी आणि स्वतःचं लाकूड, दोन्ही विद्या त्यांनी त्या एका खुंट्यात ओतल्या. फक्त गावचं तुडूम दगडाचं होतं, हे त्यांच्या ध्यानातून गेलं. खुंटा फुगला, चांगला फुगला, आणि थंडीतल्या एका सकाळी टक्‌ असा आवाज होऊन फायबरला भोकापासून करंगळीएवढी भेग गेली. काकाजी वाकले. खुंट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लाकूड बराबर हाय. भोक चुकलं."

तलाव गळतोय ही बातमी मात्र गल्लीला फाटकाच्या आत घेऊन आली. गळक्या तलावावर इलाज सांगता येणार नाही असा माणूस त्या मुलखात जन्मलेला नाही. कोणी तलावाच्या तळची चिकणमाती आणली, कोणी जंगलातली लाख वितळवून ओतली, कोणी राळ आणि मेण, कोणी डांबर. सायकलवाला पंक्चरचं सामान घेऊन आला, भेग कानशीने घासली, ठिगळ लावलं आणि सवयीने हवा भरायचा पंप कुठे लावायचा ते शोधू लागला. काकाजींनी कोणालाही नाही म्हटलं नाही. प्रत्येक इलाजाला आठवडाभर मुदत मिळे. ज्याचा इलाज चालू असेल तो रोज संध्याकाळी तब्येत विचारायला येई, त्याच्या मागून जाणकार येत, आणि मग चहा होई. अपयशाची बातमी काकाजी फार जपून देत. "तुमच्या लाखेनं बुधवारपावेतो दम धरला, भाऊ. लाख चांगली होती. थंडी जास्त पडली."

त्यांनी बाजारातून नव्या कपांचा संच आणला. संध्याकाळी ओट्याभोवती माणसं बसलेली, मधे काकाजी, आणि खाली पाण्याची टिपटिप. एवढं खुलून बोलताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. सगळे उठून गेले की मात्र ते एकेक कप फार सावकाश धूत. धुऊन झालेला कप परत धूत. मला ते बघवत नसे. नागपूरलाही आता नवं उत्तर जाऊ लागलं: "तलाव गळून राह्यला. असा टाकून येऊ काय?" रोज सकाळी चार बोटं उतरलेलं पाणी ते विहिरीवरून बादल्या वाहून भरून काढत, आणि गुडघे धरून खाली बसत. मला वाटू लागलं होतं की, हा तलाव गळायचा थांबू नये असं वाटणारा माणूस त्या अंगणात मी एकटाच नाही.

चैत्र सरता सरता डांबराचाही निकाल लागला. काकाजींनी ठरवलं की तलाव एकदा पूर्ण रिकामा करून नीट वाळवायचा. ते चहाच्या टपरीवर नुसतं एवढंच बोलले, "उद्या सकाळी तुडूम उघडतो." आता त्या भागात उन्हाळ्यात गावतलावाचं तुडूम उघडून शेवटचं पाणी सोडतात, तेव्हा सगळा गाव चिखलात उतरतो आणि ज्याला जो मासा सापडेल तो त्याचा. टपरीवरून शब्द निघाला तो चार मोहल्ले फिरला. कोणाचा तलाव, केवढा तलाव, हे विचारायला कोणाला सवड होती? सकाळी मी दार उघडलं तर अंगणात ही गर्दी! जाळी, टोपल्या, घमेली घेऊन, लुगडी धोतरं वर खोचून लोक तयार. एका म्हाताऱ्याने भोवती नजर फिरवून विचारलं, "तलाव कुठी हाय जी?"

काकाजींनी छत्रीने दाखवला. "हा का."

म्हातारा जवळ गेला. त्याने आत वाकून पाहिलं. त्याच वेळी मालगुजार वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. म्हातारा म्हणाला, "येकच हाय, बापा. चिठ्ठ्या टाका लागतीन." आणि जो हशा उसळला तो थांबेना. कोणी रागावलं नाही, कोणी परतही गेलं नाही. आल्यासारखं चहा घेऊनच जाऊ म्हणून सगळे बसले. अशा जत्रेत, हातात पिशवी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन, फाटकातून काकू आत आल्या.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, उन्हाने दमलेल्या. त्या उभ्याच राहिल्या. "मले वाटलं, बुढा एकटा असन," त्या म्हणाल्या. "इथी तर मंडई भरली."

काकाजी छत्री उघडून मिटू लागले. "तू काऊन आली वं? सांगतलं नाई काई."

"सांगतलं असतं तर तुमी दुसरी भेग पाडली असती," काकू म्हणाल्या, आणि गर्दीला आणखी एकदा हसायला मिळालं.

डब्यात चिकट औषध होतं, पिशवीत काचेच्या धाग्याचं कापड आणि रबरी बूच. नागपुरात उन्हाळ्यात घराघरांत कूलर, आणि गल्लीगल्लीत कूलरच्या फुटक्या टाक्या सांधणारे. अशाच एका कूलरवाल्याकडून काकू सामान आणि शिकवणी, दोन्ही घेऊन आल्या होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि अंगणाचा ताबा घेतला. मासे विकणारी बाई मालगुजाराला बादलीत घालायला पुढे झाली. तो दोनदा निसटला, आणि शेवटी त्याने तिच्या डोक्यावरचा पदर भिजवून बादलीत पाऊल टाकलं. काकाजींनी खुंटा उपटला. तलाव रिकामा झाला, उन्हात वाळला, घासला गेला. काकूंनी वाटीत औषध घेऊन दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले. "लवकर लावा जी, नाईतर वाटीतच दगड होते." तीन वर्षांनी भेटलेली ती दोघं फायबरच्या काजूत डोकी घालून कापडाचे थर देत होती, आणि एवढ्या गर्दीत त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटत होतं.

काम आटोपल्यावर काकूंनी सरळ विषय काढला. "आता आइका. हे गळलं, तर मी पुन्हा बोलनार नाई, रहा इथीच. नाई गळलं, तर माह्यासंगं चला." काकाजींनी मान हलवली. काढलेला खुंटा त्यांच्या हातात होता. काकू म्हणाल्या, "ते चुलीत घाला." त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला.

सांधा पक्का सुकेपर्यंत तलाव तसाच ठेवला. मग रबरी बूच लावलं, पाणी भरलं, आणि काकाजींनी पाण्याच्या काठाला लागून ओल्या मातीची एक रेघ काढली. सकाळी काकू आतच थांबल्या. मी दारातून बघत होतो. पाणी किती उतरलं हे वाचायला त्या घरात काकाजींशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी ती मातीची रेघ पुसून दोन बोटं वर काढली असती तरी कोणाला कळलं नसतं. नुसतं "गळते" एवढं म्हटलं असतं तरी काकू दुपारच्या गाडीने एकट्या परत गेल्या असत्या. काकाजी वाकले. रेघेवरून बोट फिरवलं. मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "नाई गळत. केसभर नाई."

दोन दिवसांनी ते गेले. घर माझ्या स्वाधीन, तलाव माझ्या स्वाधीन, मालगुजारही. गाडी सुटताना खिडकीतून ते म्हणाले, "सर, भेंड्याची पाळी सोमवारी," आणि तोंड पलीकडे फिरवलं.

न गळणारा तलाव बघायला कोण येणार? पहिल्या आठवड्यात एकदोन जण फाटकापाशी थांबले, "बराबर हाय ना?" म्हणाले आणि गेले. मग तेही बंद झालं. कपांचा संच फडताळात राहिला. मी भात करायला शिकलो. माझा अंदाज कधी चुकला नाही, आणि चुकला असता तरी ताटली घेऊन मी कोणाच्या दारात जाणार होतो? ओट्याच्या कडेला बसून मी जेवायचो. पाणी जिथल्या तिथे असे, हलतसुद्धा नसे.

पुढच्या उन्हाळ्यात काही कामाने नागपूरला गेलो आणि त्यांचं घर शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काकाजी खिडकीतल्या कूलरपाशी स्टूल टाकून बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. कूलरच्या तळाच्या भोकात बाभळीचा तो खुंटा ठोकलेला होता, आणि खालच्या भांड्यात पाणी टिपकत होतं. भांडं भरलं की ते कढीपत्त्याच्या कुंडीला घालत. एकच कुंडी, त्यामुळे पाळीचा प्रश्न नव्हता. माझी चौकशी झाली, वांग्यांची झाली, मालगुजाराची झाली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तलाव कसा हाय, सर?"

मी घाटावरचा माणूस. माझ्या घराण्यात कोणी पाणकर नव्हता.

"गळतो, काकाजी," मी म्हणालो. "फार नाही. रोज थोडं थोडं."

ते स्टुलावरून उठले. "कुठून?"

"तुडुमापासूनच."

"आइकलं काय वं?" त्यांनी आत हाक मारली. आवाज एकदम अंगणातला झाला होता. काकू चहा घेऊन दारात आल्या. ते कापड त्यांनी आपल्या हातांनी चिकटवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मंग एकडाव जाऊन पाहा लागन. सरांच्यानं थोडीच होते ते." पुढचा तासभर काकाजी मला भेग कशी तपासायची ते सांगत होते. पावसाआधी येतो म्हणाले. गुडघे दुखत असतानाही तीन जिने उतरून रस्त्यापर्यंत पोचवायला आले.

पावसाआधी ते आले नाहीत. दिवाळीतही नाही. नातवाची शाळा होती, गुडघे होते, काहीतरी होतंच. पण नागपूरहून परतलो त्याच संध्याकाळपासून मी एक नेम धरला होता, आणि ब्रह्मपुरी सोडेपर्यंत तो मोडला नाही. रोज दिवस मावळताना तलावातून दोन बादल्या पाणी काढायचं आणि ज्याची पाळी असेल त्या वाफ्याला घालायचं. सकाळी विहिरीवरून आणून परत भरायचं. काकाजी कधी अचानक फाटकात उभे राहिले असते, तर त्यांना पाणी उतरलेलं दिसलं असतं.